दोन वर्षांचं मूल बोलत नसेल तर: कान तपासण्यापासून थेरपीपर्यंत

"मुलगा आहे, मुलगे उशिराच बोलतात." "याचा बाबासुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता." मूल दीड-दोन वर्षांचं झालं आणि बोलत नसलं की घरोघरी हे ऐकू येतं. सांगणारी माणसं मायेनं सांगतात, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. दोन वर्षांचं असताना बोलण्यात मागे असलेली बरीच मुलं पुढे आपोआप इतरांच्या बरोबरीला येतात. पण आपलं मूल त्यांपैकी आहे की नाही, हे घरबसल्या कुणालाच ओळखता येत नाही. तपासून घेतलं आणि सगळं ठीक निघालं, तर एखाद-दुसरा दिवस गेला. तपासलं नाही आणि त्याला कमी ऐकू येतं हे चौथ्या वर्षी कळलं, तर भाषा शिकण्याची सर्वांत महत्त्वाची वर्षं निघून गेलेली असतात. म्हणून "थांबून बघू" असं कुणी म्हटलं, अगदी डॉक्टरांनी म्हटलं, तरी "किती दिवस, आणि तोवर काय करायचं?" हे विचारा. नेमकं उत्तर मिळालं नाही तर तपासणीची चिठ्ठी मागून घ्या.

आधी शब्द मोजा, पण नीट मोजा

आईबाबा सांगतात, "काहीच बोलत नाही." विचारत गेलं की कळतं, गाय दिसली की मूल 'हम्मा' म्हणतं, बाहेर जायचं असलं की 'भूर', भूक लागली की 'मंमं'. हे सगळे शब्दच आहेत. एकाच गोष्टीसाठी मूल दर वेळी तोच आवाज मुद्दाम काढत असेल तर तो शब्द धरायचा, उच्चार कसाही असो. पाण्याला फक्त 'पा' म्हणत असेल तरी धरा. आजीकडून शिकलेला मराठी शब्द, सांभाळणाऱ्या ताईंकडून शिकलेला हिंदी शब्द, दोन्ही धरा. टीव्हीतलं गाणं अर्थ न कळता घोकत असेल तर ते धरू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आठवडाभर घरातल्या सगळ्यांनी ऐकलेले शब्द लिहा, तारखेसकट. डॉक्टरांसमोर हा कागद फार उपयोगी पडतो.

मग वयाशी ताडून बघा. वर्षाचं मूल 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड करतं, नावानं हाक मारली की वळतं, हात हलवून टाटा करतं. सव्वा वर्षाच्या पुढेमागे अर्थ असलेला पहिला शब्द आलेला असतो. दीड वर्षाला आई-बाबा सोडून निदान तीन-चार शब्द असतात, आणि हातानं खूण न करता सांगितलेली साधी गोष्ट त्याला कळते. दोन वर्षांना ते दोन शब्द स्वतःहून जोडतं: 'दुदू दे', 'बाबा गेला', 'अजून पाणी'. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनं 2022 मध्ये सुधारलेल्या यादीत अडीच वर्षांना सुमारे 50 शब्द धरले आहेत. अनेक स्पीच थेरपिस्ट तेवढे शब्द दोन वर्षांनाच अपेक्षित धरतात. त्या यादीतले टप्पे तिथल्या 75 टक्के किंवा त्याहून जास्त मुलांनी त्या वयात गाठलेले असतात. त्यामुळे त्यातलाही टप्पा हुकला असेल, तर 'प्रत्येक मूल वेगळं' म्हणून सोडून देऊ नये. मूल दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत जन्मतारखेऐवजी मूळ अपेक्षित तारखेपासून वय मोजा.

उच्चाराची काळजी मात्र या वयात करू नका. 'र', 'ळ', 'ण', 'श' नीट यायला काही वर्षं जातात. 'घर'ला 'घल' म्हणणारं दोन वर्षांचं मूल योग्य मार्गावर आहे.

किती समजतं, हे वेगळं बघा

शब्दांच्या संख्येपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. घरचे म्हणतात, "कळतं त्याला सगळं." पण "चप्पल आण" म्हणताना आपली नजर चपलेकडे गेलेली असते, हात दाराकडे झालेला असतो. मूल खुणेवरून हुशारीनं ओळखतं. म्हणून हात मांडीवर ठेवा, मुलाच्या चेहऱ्याकडेच बघा आणि सांगा: "बॉल आण." "नाक कुठंय?" "बाबांना दे." दोन-तीनदा, वेगवेगळ्या वेळी करून बघा. समज वयाला साजेशी आहे आणि फक्त बोलणं मागे आहे, तर चित्र बरंच आश्वासक असतं. समजही मागे असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर वय कितीही असो, लगेच जा. वर्षाचं होऊनही बडबड नाही, बोट दाखवणं नाही, नावाला प्रतिसाद नाही. मूल हवी ती वस्तू मागताना तुमचा हात एखाद्या वस्तूसारखा धरून ओढत नेतं, पण तुमच्या चेहऱ्याकडे बघत नाही. आवडलेली गोष्ट तुम्हाला दाखवायला आणत नाही. आणि सगळ्यांत तातडीची गोष्ट म्हणजे आधी बोलत असलेले शब्द किंवा करत असलेला टाटा बंद झाला. असं मागे जाणं कोणत्याही वयात दिसलं तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

पहिली तपासणी कानांची

इथं घाई करा आणि इथंच हट्टही धरा. थाळी वाजवली की वळतो, दाराची बेल ऐकू येते, म्हणजे कान ठीक आहेत असं होत नाही. मोठा, जाड आवाज ऐकू येणाऱ्या मुलालाही 'स', 'श', 'क', 'त' असे बारीक आवाज ऐकू न येण्याची शक्यता असते. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. जन्मल्यावर केलेली तपासणी 'पास' होती, एवढ्यावरही थांबू नका. काही मुलांचं ऐकणं नंतर कमी होतं. मूल जन्मल्यावर अतिदक्षता विभागात होतं, कावीळ फार वाढली होती, मेंदूज्वर होऊन गेला, घरात लहानपणापासून कमी ऐकू येणारं कुणी आहे, किंवा आईवडिलांचं लग्न जवळच्या नात्यातलं आहे, यांपैकी काही असेल तर तपासणीच्या वेळी आवर्जून सांगा.

तपासण्या साधारण तीन. ओएई: आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते कळतं; कानात छोटं बोंड ठेवून काही मिनिटांत होते. टिम्पॅनोमेट्री: पडद्यामागे पाणी आहे का ते कळतं. आणि बेरा: झोपलेल्या मुलाच्या डोक्याला तारा लावून आवाज कानातून नसेवाटे मेंदूकडे कसा पोचतो ते मोजतात. यांपैकी एकही दुखत नाही.

बेराला जाताना तयारी लागते, नाहीतर हेलपाटा होतो. मूल गाढ झोपलेलं हवं, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा. खरी गंमत प्रवासात असते: मूल एसटीत किंवा रिक्षात डुलकी काढतं आणि दवाखान्यात टक्क जागं होतं. म्हणून वाटेत त्याला जागं ठेवायला दुसरं मोठं माणूस सोबत घ्या. त्या दिवशी डोक्याला तेल आणि चेहऱ्याला पावडर लावू नका. कपाळावर आणि कानामागे चिकटवायच्या तारा तेलकट त्वचेवर धरत नाहीत. मूल दूध पिऊन झोपत असेल तर बाटली-वाटी, अंगावर घ्यायची रोजची गोधडी सोबत ठेवा. झोपेचं औषध लागलंच तर ते तिथंच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं. सर्दी-ताप असेल तर आधी फोन करून तारीख पुढे घ्या.

कुणाकडे जायचं

सगळ्यांत सोपी संधी लसीकरणाची आहे. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान असतो, म्हणजे नेमका बोलण्याबद्दल विचारायच्या वयात. रांगेत उभे असलात तरी नर्सताईंना आणि डॉक्टरांना सरळ सांगा: "बाळ अजून बोलत नाही, कानाच्या तपासणीची चिठ्ठी हवी आहे."

सरकारी वाट अनेकांना माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधूनच देशभर सुरू झाला. त्याचं फिरतं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता आणि विकासातला उशीर या चारही गोष्टी ते बघतं. बोलण्यातला उशीर आणि बहिरेपणा त्यात येतात. पथक कधी येणार ते अंगणवाडीताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहा. दोन मिनिटांच्या तपासणीत अनोळखी माणसांसमोर गप्प बसलेलं मूल सहज 'लाजाळू' म्हणून सुटून जातं. तुम्ही शब्दांचा कागद पुढे केलात तर तसं होणार नाही. पथक पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. हे केंद्र सहसा जिल्हा रुग्णालयात असतं आणि बालरोगतज्ज्ञ, श्रवण व वाचा तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांनी एकत्र काम करावं, अशी त्याची रचना आहे. सगळीकडे सगळी पदं भरलेली असतात असं नाही. स्पीच थेरपिस्ट कोणत्या वारी बसतात, हे आधी विचारून मगच निघा. पथकाची वाट न बघता थेट जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते.

मुंबईच्या बाजूला असाल तर वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून वाचा आणि श्रवण याच विषयात काम करते. नायर रुग्णालयातही या विषयाचं जुनं शिक्षणकेंद्र आहे, पुण्यात भारती विद्यापीठात आहे. जिथं हा अभ्यासक्रम शिकवला जातो तिथं विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखाली थेरपी देतात आणि खर्च बराच कमी येतो. मुंबईत उम्मीद आणि गोव्यात सेतू ही बालविकास केंद्रं एकाच ठिकाणी पूर्ण मूल्यमापन करतात.

खासगीत क्रम असा ठेवा: आधी बालरोगतज्ज्ञ, मग ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञ) कान, मग स्पीच थेरपिस्ट. समज, नजर, खेळणं यांतही उशीर वाटत असेल तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, म्हणजे मुलांच्या वाढीतला उशीर तपासणारे डॉक्टर. त्यांची वेळ मिळायला महिना-दोन महिने लागू शकतात, म्हणून आजच नाव नोंदवा आणि तोवर कानांची तपासणी उरकून घ्या.

जाताना शब्दांचा कागद, लसीकरणाचं कार्ड, जन्माच्या वेळचे दवाखान्याचे कागद, आणि मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या. एक व्हिडिओ जेवताना, एक एकटं खेळताना, एक घरच्या कुणाबरोबर मस्ती करताना. तपासणीच्या खोलीत मूल रडेल, बावरेल, कोपऱ्यात जाईल. घरात ते कसं असतं हे व्हिडिओत दिसतं.

तारीख मिळेपर्यंत घरी

निदान होईपर्यंत घरची मदत थांबवायची नसते. पुढच्या गोष्टींनी कुठल्याही मुलाचं नुकसान होत नाही आणि बऱ्याच मुलांचा फायदा होतो. यासाठी वेगळी खेळणी किंवा वेगळा तास लागत नाही. अंघोळ, जेवण, कपडे घालणं, भाजी निवडणं एवढं पुरतं.

पहिली सवय मोडायची ती 'म्हण'ची. "बॉल म्हण. म्हण ना, बॉल! काकांना म्हणून दाखव." मूल अशा वेळी मान फिरवतं, कारण त्याच्यासाठी ती परीक्षा झालेली असते. "हे काय? ते काय?" या प्रश्नांचंही तेच. त्याऐवजी तुम्हीच बोला, छोटं बोला, आणि थांबा.

उदाहरणार्थ, तुम्ही पोळ्या करताय आणि मूल पायाशी आलंय. खाली बसा, डोळे डोळ्यांसमोर येतील असे. कणकेचा छोटा गोळा हातात द्या. "गोळा." दाबा. "दाब, दाब." आता तुमचा गोळा वर धरा, त्याच्याकडे बघा आणि गप्प राहा. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. हे पाच आकडे फार लांब वाटतात. बहुतेक मोठी माणसं दोनवरच बोलून मोकळी होतात. मूल हात पुढे करेल, 'अं' करेल, बघेल. तेवढं आलं की लगेच द्या आणि त्याच्या मनातलं शब्दात सांगा: "दे! गोळा दे!" मूल 'दे' म्हणालं तर तुम्ही एकच शब्द वाढवा: "गोळा दे." 'गोळा' म्हणालं तर "मोठा गोळा." त्याच्यापेक्षा एक पायरी पुढे, दहा नाही. आणि चुकीचा उच्चार दुरुस्त करू नका, फक्त तुम्ही बरोबर म्हणा.

मागायची संधी ठेवा. आपल्याकडे मुलाला मागावंच लागत नाही. नुसती नजर गेली की आजीनं बिस्किट हातात दिलेलं असतं. बिस्किटं घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवा. मूल बरणी घेऊन येईल तेव्हा "उघडू?" म्हणा आणि थांबा. दूध अर्धाच कप द्या, म्हणजे 'अजून'ची गरज पडेल. "दूध की पाणी?" असं दोन्ही हातांत धरून विचारा, बोट दाखवलं तरी ते उत्तर समजा. पण शब्द आला नाही म्हणून वस्तू अडवून ठेवू नका. रडवून शब्द येत नाहीत. खुणा केल्या की मूल बोलायला आळस करेल, हीही भीती नको. खुणांनी मागायला शिकलेल्या मुलाला शब्दांकडे जाणं सोपं होतं.

बोटांचे खेळ आणि बडबडगीतं रोज तीच ती म्हणा. चार वेळा म्हटलेल्या ओळीचा शेवटचा शब्द पाचव्या वेळी गाळा आणि तोंडाकडे बघत राहा. अनेक मुलांचा पहिला नवा शब्द असा रिकाम्या जागेत येतो.

आणि मोबाइल. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2021 च्या सूचनेनुसार दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल एवढाच अपवाद. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या सोबतीनं. स्क्रीन बंद केली की सगळी मुलं आपोआप बोलू लागतील असं मी म्हणणार नाही. कमी ऐकू येणं किंवा ऑटिझम (स्वमग्नता) मोबाइलमुळे होत नाही, आणि आईबापांनी त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नये. पण स्क्रीनसमोर गेलेला प्रत्येक तास माणसांशी होणाऱ्या देवाणघेवाणीतून वजा होतो. सुरुवात जेवणापासून करा. पहिले काही दिवस मूल कमी जेवेल, चिडेल. घरातल्या सगळ्यांनी तेवढे दिवस एकमतानं धीर धरायचा.

ऐकायला मिळणारे सल्ले

वेखंड उगाळून जिभेला लावायचं, मधात चाटवायचं. वेखंडानं बोलणं सुधारतं याला आधार नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. त्यातून क्वचित होणारी विषबाधा गंभीर असते. कानात तेल घालू नका. 'जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या' हा सल्ला आला तर लक्षात ठेवा: जिभेखालच्या पट्टीमुळे काही उच्चार अडू शकतात, पण मूल शब्दच बोलत नाही त्याचं ते कारण नसतं. थेरपिस्टचं मत घेतल्याशिवाय शस्त्रक्रिया नको.

'घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला' हा सल्ला तर अजूनही काही दवाखान्यांतून, शाळांतून मिळतो. दोन-तीन भाषांमुळे बोलायला उशीर होत नाही. तुम्हाला जी भाषा सहज येते, जिच्यात लाड करता येतात, रागावता येतं, तीच बोला. पुस्तकी इंग्रजीत आई "कम हिअर, सिट डाउन" एवढंच म्हणू शकत असेल, तर मुलाला मिळणारी भाषाच आटते. परदेशातल्या मराठी घरांनाही हेच लागू आहे. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांचं मूल्यमापन कायद्यानं मोफत आहे आणि पालक स्वतःहून अर्ज करू शकतात; तिथं घरची भाषा मराठी आहे हे सांगा आणि मराठीतले शब्दही मोजायला लावा.

सासू-सासरे तपासणीला तयार नसतील तर वाद घालण्यापेक्षा असं म्हणून बघा: "आई, त्याला काही झालंय म्हणून नाही. कान एकदा बघून घेऊ, आपल्या सगळ्यांनाच बरं वाटेल." शक्य असेल तर त्यांनाच सोबत घेऊन जा. घरी सगळ्यांत जास्त वेळ मुलाजवळ आजी असते. थेरपिस्टनं सांगितलेलं तिनं स्वतः ऐकलं की घरात निम्मं काम होतं.

थेरपिस्ट निवडताना

वाचा आणि श्रवण या विषयाची पदवी (बीएएसएलपी) किंवा पदव्युत्तर पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात अपमान काही नाही. चांगला थेरपिस्ट तो भिंतीवरच लावतो. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करून 'थेरपी सेंटर' उघडणारेही आहेत.

लहान मुलाच्या थेरपीत पालक खोलीत हवेत. आठवड्यातला एक तास थेरपिस्टचा, बाकीचा सगळा वेळ तुमचा असतो; त्या तासात काय आणि का केलं हे तुम्हाला कळलं नाही तर घरी काही होणार नाही. पहिल्या भेटींतच लिहून घ्या की पुढच्या तीन महिन्यांत काय साधायचं आहे. 'बोलायला लागेल' हे ध्येय झालं नाही. 'हवी ती वस्तू मागायला बोट दाखवेल', 'दहा नवे शब्द स्वतःहून वापरेल', हे ध्येय. "तीन महिन्यांत पोपटासारखा बोलेल" अशी हमी देणारे, वर्षभराचे पैसे आधी मागणारे, ऑटिझमसाठी स्टेम सेल किंवा ऑक्सिजनच्या पेटीचे उपचार सुचवणारे, यांच्यापासून दूर राहा. दर आठवड्याला शहरात जाणं परवडत नसेल तर महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि मधे व्हिडिओ कॉल, असं विचारून बघा. आईबाबांना शिकवण्यासाठी ती पद्धत चांगली चालते.

कानांत दोष निघाला तर दिवस मोजायला सुरुवात करा. श्रवणयंत्र जितक्या लवकर लागेल तितकं बरं, आणि ते झोप-अंघोळ सोडून दिवसभर कानात हवं. यंत्रानं पुरेसं ऐकू येत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा, विचार होतो. केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या योजनेतून उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबांतल्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्याला मदत मिळते आणि अली यावर जंग संस्थाच त्याचं मुख्य काम बघते. पाच वर्षांची ती अट लक्षात ठेवा.

नुसत्या बोलण्यातल्या उशिराला दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. कायमस्वरूपी बहिरेपणा, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असं निदान झालं तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत हे येतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अपंगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. प्रमाणपत्र घेतलं म्हणून मुलावर शिक्का बसतो, ही भीती मी बऱ्याच घरांत बघितली आहे. तो कागद कुणाला दाखवायचा आणि कुणाला नाही, हे तुमच्याच हातात राहतं.

थेरपी सुरू झाल्यावर शब्दांचा कागद बंद करू नका. दर महिन्याच्या एक तारखेला नवे शब्द, नव्या खुणा, नवी समज लिहा. सुरुवातीला शब्द वाढत नाहीत आणि पालक खचतात. त्या काळात बघायचं ते हे की मूल तुमच्याकडे जास्त वेळा बघतंय का, वस्तू दाखवायला आणतंय का, आवाज जास्त काढतंय का. शब्द सहसा त्यामागून येतात. तीन महिने नियमित थेरपी आणि घरचा सराव करूनही कागदावर काहीच हललं नसेल, तर थेरपिस्टकडे फेरमूल्यमापन मागा, आणि कान शेवटचे कधी तपासले होते ती तारीख पुन्हा बघा.